‘बोनस किलोमीटर’ आणि ‘फुल व्हॅल्यू’

सायकलवाल्यांच्या बोलीत लघुशंकेसाठी थांबणं म्हणजे ‘नेचर ब्रेक’. त्यात रँडोनिअरिंगवाल्यांच्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीत लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांच्या, शब्दांची भर घालतो. वळण चुकून जास्तीचं अंतर पडलं की ते ‘बोनस किलोमीटर’. ब्रिटनमध्ये रात्री बसथांब्याच्या ज्या शेडमध्ये अंग टाकतात, ते ‘ऑडॅक्स हॉटेल’ (ऑडॅक्स हे तिथलं रँडोनिअरिंगचं नाव)!

पण माझा सगळ्यात लाडका शब्द ‘फुल व्हॅल्यू’. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे अशा मुदतीच्या सायकलफेरीला, साडेतेरा तास मिळतात, ६०० ला ४०. जो अगदी मुदत संपता संपता पोचतो, त्याने प्रवेशशुल्क पुरेपूर वसूल केलं म्हणायचं. ब्रेव्हेत क्रमांक काढतच नाहीत, म्हणून हा टोमणा न होता कौतुक होतं. टूर द फ्रान्समध्ये शेवटच्याला ‘लाल कंदील’ म्हणतात, आगगाडीच्या शेवटच्या डब्यामागच्या दिव्यावरून. तेही छान, पण मला ‘पैसा वसूल’च जास्त मायेचं वाटतं.