मुंढव्याच्या वीटभट्टीवरच्या पणजोबांचा शोध घ्यायचाय, मदत करा

पणतू_हडपसर:

नमस्कार मंडळी, लिहीन लिहीन म्हणत वर्ष गेलं, आज लिहितोच. माझे पणजोबा, म्हणजे आजोबांचे वडील, मुंढवा-केशवनगरच्या बाजूला नदीकाठच्या एका वीटभट्टीवर मुकादम होते. आमचं मूळ गाव कुठलं हे घरात कोणालाच सांगता येत नाही, आजोबा "सोलापूरकडचं" एवढंच म्हणायचे आणि ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. जुनी माणसं एकेक करून जातायत म्हणून जीव तुटतो.

माझ्याकडे काय आहे ते सांगतो. एक, आमचं मुंढव्यातलं जुनं घर मागच्या वर्षी पाडलं तेव्हा मी एक वीट उचलून आणली, तिच्या खाचेत दोन इंग्रजी अक्षरं आहेत, ती आमच्या आडनावाची नाहीत, पणजोबांच्या नावाचीही नाहीत. दोन, पणजोबांची मुलगी, आमची आत्याआजी, ऐंशीच्या वर आहे पण आठवण शाबूत आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे पणजोबा "पुराच्या वर्षी" गेले, पानशेतचं धरण फुटलं त्या वर्षी, भट्टी पेटलेली होती आणि त्यांना तिथूनच घरी आणलं. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं म्हणून मी जुलै ते सप्टेंबर १९६१ ची मृत्यूची नोंद शोधायला अर्ज केला, काहीच सापडलं नाही. आता पुढे कुठे जायचं कळत नाहीये. भट्टीचे कागद कुठे मिळतात का? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

भट्टीवाल्याचा_नातू:

दादा आमच्या तीन पिढ्या याच धंद्यात, आता बंद केलाय. तुमचा घोळ कुठे झालाय ते मला वाचल्यावाचल्या कळलं. पावसाळ्यात भट्टी पेटत नाही हो! कच्ची वीट पावसात विरघळून परत चिखल होते, म्हणून काम दिवाळीनंतर सुरू आणि पाऊस पडायच्या आत बंद. पूर जुलैत आला म्हणजे तेव्हा भट्ट्या बंदच होत्या. आत्याआजी खोटं सांगत नाहीयेत, त्यांचं "पुराचं वर्ष" म्हणजे पुरानंतरचा सीझन, दिवाळी १९६१ ते मे १९६२. आणि त्या सीझनला काम किती असेल विचार करा, अर्ध्या पेठांमधली घरं पडली होती, पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहत होत्या, विटेला मागणीच मागणी. तुम्ही चुकीचे महिने शोधले एवढंच. आत्याआजींना विचारा, सण कुठला जवळ होता? संक्रांत, शिमगा, पाडवा? बायकांना तारीख नाही आठवत पण सण पक्का आठवतो.

विटेवरची अक्षरं भट्टीमालकाची असतात, साच्यातच कोरलेली. मुकादमाचं नाव विटेवर कधीच येत नाही. खाच असलेली वीट ही इंग्रजांच्या काळापासूनची पद्धत, पेशवाईतली वीट पातळ असायची, शनिवारवाड्याच्या तटाचा वरचा भाग बघा म्हणजे फरक कळेल. तर विटेवरून मालक सापडेल, पणजोबा नाही.

कागदांचं म्हणाल तर मालकाकडे उचलीची वही असायची, सीझनच्या आधी मजुराला दिलेले पैसे, मग आठवड्याची खर्ची, शेवटी हिशोब. आमच्या आजोबांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या, त्याचं मला आजही वाईट वाटतं, त्यात कितीतरी घरांची नावं होती. पण एक लक्षात घ्या, मुकादम एकटा येत नाही, टोळी घेऊन येतो, आणि टोळी आपल्याच गावची, भावकीतली नाहीतर सोयऱ्यातली. तुमच्या घराशेजारी तेव्हा कोण राहायचं ते विचारा. त्यांना त्यांचं गाव माहीत असेल तर तुमचंही तेच किंवा शेजारचं.

निवृत्त_तलाठी:

वरच्या भाऊंनी सीझनचं बरोबर सांगितलं. नोंदींचं मी सांगतो, नोकरी यातच गेली.

आजचा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, लागू झाला १ एप्रिल १९७० पासून. त्याआधीच्या गावातल्या नोंदी कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू रजिस्टरात, आणि पुढे ग्रामपंचायतीत, त्यामुळे तुमच्या काळासाठी हवेली तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा आणि अर्जात महिने नीट घाला, नोव्हेंबर १९६१ ते जून १९६२. केशवनगर २०१७ साली महापालिकेत आलं, त्यामुळे ग्रामपंचायतीचं दप्तर आता महापालिकेकडे विचारावं लागेल. अजून एक, मृत्यूची नोंद माणूस राहतो तिथे होत नाही, जिथे वारला तिथे होते. घरी आणलं म्हणताय पण ससूनला नेलं होतं का हे विचारून घ्या, नेलं असेल तर नोंद पुणे महापालिकेत सापडेल, मुंढव्यात कितीही शोधलीत तरी मिळणार नाही.

जमिनीकडे फार वेळ घालवू नका असं माझं मत आहे. भट्टी बहुतेक वेळा शेतकऱ्याची जमीन भाड्याने घेऊन चालायची, सातबारा शेतकऱ्याच्या नावावर, माती संपली की भट्टी पुढे सरकायची. मालक कोण होता एवढं हवं असेल तर जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी बघा, स्कॅन केलेले "आपले अभिलेख" या सरकारी वेबसाईटवर मिळतात.

सगळ्यात चांगला कागद म्हणजे शाळेचं रजिस्टर. तुमचे आजोबा मुंढव्याच्या शाळेत एक वर्ष जरी बसले असतील तरी जनरल रजिस्टरला ओळ असणार, आणि त्यात जन्मठिकाणाचा रकाना असतो. जिल्हा परिषद १९६२ साली आली, त्याआधी लोकल बोर्डाची शाळा होती, रजिस्टर मात्र त्याच शाळेत राहतं. मुख्याध्यापकांना भेटून अर्ज द्या, सहसा नाही म्हणत नाहीत.

मोडी_वाचक:

गाव कळल्यावर १९३०-४० च्या मागे गेलात तर नोंदी जुन्या मोडी लिपीत निघू शकतात, घाबरू नका. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात, पुराभिलेख विभाग परीक्षाही घेतो, वाचणारे पुण्यात भरपूर आहेत. फोटो काढताना पान सपाट ठेवा आणि पूर्ण पान घ्या, नुसती तुमची ओळ नको, आजूबाजूच्या ओळींवरून लेखकाचं वळण कळतं. आणि आडनाव सापडलं नाही तर निराश होऊ नका, जुन्या नोंदीत नाव, बापाचं नाव आणि जात एवढंच असतं.

कुंभारवाड्याची_लेक:

सगळं वाचलं, सगळ्यांनी चांगलं सांगितलंय पण एक गोष्ट कोणीच विचारली नाही. पणजी कोण होती?

माझी आजी भट्टीवर वाढली. भट्टीवर एकटा माणूस कामाला धरत नाहीत, जोडी धरतात, नवरा विटा पाडतो, बायको चिखल वाहते, वाळत घातलेल्या विटा पलटते, तान्हं पोर तिथेच झोळीत. उचल नवऱ्याच्या नावावर, बायकोचं नाव वहीत कुठेच नाही. म्हणून सगळे पणजोबांना शोधतात आणि अडकतात. पण माहेर विसरत नाही कोणी. आमच्या घरात तीन पिढ्यांची गावं पुरुषांना सांगता आली नाहीत, आजीने मात्र तिच्या आईचं माहेर, मामाचं नाव, गावातला देव, जत्रा कधी असते, सगळं एका दमात सांगितलं. तुमच्या आत्याआजीला वडिलांबद्दल शंभर वेळा विचारलं असेल. आईबद्दल विचारलंय का? लहानपणी मामाच्या गावाला जायची का, कसं जायची, कुठल्या स्टेशनवर उतरायची? मामाचं गाव मिळालं की सोयरीक कुठून झाली ते तिथली माणसं सांगतील. आणि मूळ गाव कळलं की घरातल्या कोणाचं कार्य नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला झालंय का तेही बघा, तिथल्या उपाध्यायांच्या वह्यांमध्ये गावावरून वंशावळ निघते.

पणतू_हडपसर:

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. रविवारी आत्याआजीकडे गेलो होतो, ताई, तुम्ही म्हणालात तसं आधी तिच्या आईबद्दल विचारलं. ती दोन मिनिटं गप्पच बसली, म्हणाली मला हे कोणी विचारलंच नाही रे आजपर्यंत. मग बोलायला लागली ती दोन तास. मामाचं गाव करमाळा तालुक्यात, जेऊर स्टेशनला उतरून बैलगाडीने जायचे, गावाचं नावही तिला पक्कं आठवतंय. आणि तिची आई भट्टीवर राखेचं काम करायची, हाताला भेगा असायच्या, रात्री गोडेतेल लावायचं काम आत्याआजीकडे होतं. हे आम्हाला घरात कोणालाच माहीत नव्हतं, आमच्या बाबांनाही नाही.

सणाचंही विचारलं. शिमग्याच्या आधी चार दिवस, त्या वर्षी आमच्याकडे पुरणपोळी झाली नाही. म्हणजे मार्च १९६२. ससूनला नेलं नव्हतं, घरीच गेले. अर्ज परत केलाय, शाळेतही उद्या जातोय. जेऊरला दिवाळीनंतर आत्याआजीला सोबत घेऊन जाणार, डॉक्टरांना विचारलंय, गाडीने नेलं तर चालेल म्हणाले. मोडीवाले दादा, तिकडे काही कागद मिळालेच तर पूर्ण पानाचे फोटो काढून तुम्हाला पाठवू का?