१७ वर्षांखालील युरो: १६ संघांवरून पुन्हा ८ वर. बरोबर की चूक?

लेफ्टबॅक

युएफाच्या (युरोपच्या फुटबॉल महासंघाच्या) १७ वर्षांखालील मुलांच्या युरो या फुटबॉल स्पर्धेत २०१५ ते २०२४ या काळात १६ संघ खेळायचे (२०२० आणि २०२१ च्या स्पर्धा कोविडमुळे झाल्या नाहीत). २०२५ ला अल्बानियात ती पुन्हा ८ संघांची झाली. माझं मत स्पष्ट आहे: ही काटछाट चुकीची आहे.

समर्थनार्थ नेहमी वेळापत्रकाचं कारण पुढे येतं. फिफाचा १७ वर्षांखालील विश्वचषक आता दरवर्षी होतो आणि त्यात ४८ संघ असतात, म्हणून पोरांवरचा भार कमी करायला हवा, असं म्हणतात. मग भार नेमका किती कमी झाला ते बघू. १६ संघ असताना विजेता सहा सामने खेळायचा: गटात तीन, मग उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम. आता तो पाच खेळतो. म्हणजे वाचला एक सामना. २०२४ ची सायप्रसमधली स्पर्धा २० मे ते ५ जून अशी १७ दिवस चालली, अल्बानियातली १९ मे ते १ जून अशी १४ दिवस. वाचले तीन दिवस. विश्वचषकात अंतिम फेरी गाठणारा संघ मात्र आठ सामने खेळतो. भार तिथे वाढलाय आणि कात्री इथे चालवली.

या एका सामन्यासाठी आठ संघ बाहेर गेले. संघात २० खेळाडू धरले तर १६० मुलं. सिनियर खेळाडूला चार वर्षांनी पुन्हा युरो मिळते. या वयोगटातल्या मुलाची एकच असते, पुढच्या वर्षी तो वयात बसत नाही.

आता ऑस्ट्रिया बघा. अल्बानियातल्या आठांत ऑस्ट्रिया नव्हता. त्याच संघानं नोव्हेंबरात कतारच्या विश्वचषकात इंग्लंडला ४-० आणि उपांत्य फेरीत इटलीला २-० हरवलं. हे दोघेही अल्बानियात खेळलेले संघ. अंतिम सामन्यात ऑस्ट्रिया पोर्तुगालकडून एका गोलनं हरला. स्पर्धेत सर्वाधिक, आठ गोल केले ते ऑस्ट्रियाच्या योहानेस मोझरनं. ज्या युरोत असा संघ बसत नाही तिची रचना चुकली आहे.

गोलकिक

असहमत. ऑस्ट्रियाचं उदाहरण तुमच्या बाजूचं नाही, नव्या पद्धतीच्या बाजूचं आहे.

जुन्या पद्धतीत विश्वचषकाचं तिकीट युरोच्या मुख्य स्पर्धेतून मिळायचं आणि युरोपला पाचच जागा असायच्या (२०१५ ला सहा). आता युरोपला ११ जागा आहेत आणि त्या पात्रतेच्या दुसऱ्या फेरीतच ठरतात. या फेरीच्या अ लीगमध्ये (वरच्या संघांच्या विभागात) २८ संघ, चार-चारचे सात गट. सातही गटविजेते युरोला आणि विश्वचषकाला जातात. शिवाय सर्वोत्तम चार उपविजेते विश्वचषकाला जातात. २०२५ ला हे चार होते ऑस्ट्रिया, क्रोएशिया, आयर्लंड आणि स्वित्झर्लंड. पाचच जागा असत्या तर ऑस्ट्रियाला तिकिटासाठी आधी युरोची उपांत्य फेरी गाठावी लागली असती, नाहीतर पाचव्या जागेचा जादा सामना जिंकावा लागला असता. नव्या पद्धतीत दुसरा क्रमांक पुरला.

दुसरं, तुम्ही फक्त मुख्य स्पर्धा मोजताय. जुन्या पद्धतीत पात्रतेच्या पहिल्या फेरीत गारद झालेल्या देशाचं वर्ष तीन सामन्यांत संपायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन सामने, मग पुढच्या बॅचपर्यंत काही नाही. आता पहिल्या फेरीत मागे पडलेले संघ ब लीगमध्ये जातात आणि वसंतात आपल्या तोडीच्या संघांशी आणखी तीन सामने खेळतात. छोट्या देशाला मुख्य स्पर्धेत जाऊन मार खाण्यापेक्षा याचा उपयोग जास्त. २०१७ ला क्रोएशियातल्या स्पर्धेत फेरो बेटांचा संघ पात्र ठरला, तिन्ही सामने हरला, फ्रान्सकडून ७-०. तीन सामने बचावातच गेले. त्यातून मिडफिल्डर काय शिकला?

लेफ्टबॅक

@गोलकिक, ब लीगचा मुद्दा मान्य, ती खरोखर चांगली सुधारणा आहे. पण ब लीग ठेवून मुख्य स्पर्धा १६ ची ठेवता आली असती. दोन्ही गोष्टी एकमेकींना आडव्या येत नाहीत.

फेरो बेटांचं म्हणाल तर पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचा तो देश पात्रता फेऱ्या पार करून तिथे पोचला होता. ७-० चा त्रास होत असेल तर यजमानाला मिळणाऱ्या थेट प्रवेशाचाही व्हायला हवा. आधी तो १६ पैकी एक जागा घ्यायचा, आता आठांपैकी एक. अल्बानिया विश्वचषकाच्या ११ मध्ये नव्हता. म्हणजे मे महिन्यात विश्वचषकाला निघालेले चार संघ घरी आणि त्या ११ मध्ये नसलेला यजमान मैदानात. यात अल्बानियाच्या पोरांचा काही दोष नाही. जागा कमी केल्या की हे होणारच.

फातोर्डा स्टँड

लेफ्टबॅक यांच्याशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. ८ संघांच्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीच नसते. गटातले पहिले दोन थेट उपांत्य फेरीत. या स्पर्धेतले सगळ्यात महत्त्वाचे चार सामने त्यामुळे पुसले गेले.

२०१७ आठवा. क्रोएशियात उपांत्यपूर्व सामना म्हणजे भारतातल्या विश्वचषकाचं तिकीट. चार विजेते (स्पेन, इंग्लंड, जर्मनी, तुर्की) थेट आले. हरलेल्या चौघांपैकी गुणांत सरस असलेल्या दोघांना एक जादा सामना मिळाला आणि फ्रान्स हंगेरीला १-० हरवून पाचवा ठरला. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना 'हा हरलात तर विश्वचषक गेला' असा सामना आयुष्यात फार थोड्या वेळा मिळतो. गोव्यातल्या फातोर्ड्यात इराणकडून ४-० हरलेला जर्मनीचा संघ आणि नवी मुंबईत उपांत्य सामन्यात मालीला ३-१ हरवणारा स्पेनचा संघ, दोन्ही त्या दाबातून गेलेले होते. स्पेननं तर युरोच्या अंतिम सामन्यात इंग्लंडविरुद्ध भरपाई वेळेत २-२ बरोबरी साधली आणि पेनल्टींवर चषक नेला. तेच दोन संघ पुन्हा कोलकात्यात अंतिम सामन्यात भेटले. स्पेन २-० पुढे होता, इंग्लंडनं ५-२ जिंकला.

आज पात्रता गाठून युरोला जाणाऱ्या संघाचं विश्वचषकाचं तिकीट आधीच खिशात असतं. चषक सोडला तर पणाला काय लावायचं?

गोलकिक

@फातोर्डा स्टँड, दाब गेलेला नाही, एक फेरी अलीकडे सरकलाय, आणि तिथे तो आधीपेक्षा जास्त आहे. दुसऱ्या फेरीचा गट म्हणजे चार संघ, एकाच देशात, साधारण आठवडाभरात तीन सामने. आधी आठ गटविजेत्यांबरोबर सात सर्वोत्तम उपविजेतेही युरोला जायचे, म्हणजे दुसरा आलात तरी बहुतेक वेळा निभायचं. आता फक्त पहिला. पहिल्या सामन्यात लाल कार्ड पडलं की तो मुलगा तीनपैकी किमान एका सामन्याला मुकतो. २० च्या संघात दोन गोलकीपर धरले तर १८ जणांत तीन सामने काढायचे. पहिल्या दिवशी हरलात तर उरलेले दोन जिंकूनही दुसऱ्याच्या निकालाकडे डोळे लावून बसायचं.

आणि २०१७ चं उदाहरण तुम्ही दिलंच आहे तर हेही बघा: २०२३ ला पुन्हा तेच घडलं. हंगेरीत युरोचा अंतिम सामना जर्मनी-फ्रान्स, पेनल्टींवर जर्मनी. इंडोनेशियात विश्वचषकाचा अंतिम सामना जर्मनी-फ्रान्स, पुन्हा पेनल्टींवर जर्मनी. २०२५ ला युरो जिंकणाऱ्या पोर्तुगालनंच विश्वचषक जिंकला. वरचे संघ ८ च्या स्पर्धेतही तेच राहतात.

फातोर्डा स्टँड

वरचे तेच राहतात हे खरं. पण युवा स्पर्धा वरच्या दोघांसाठी नसते. दाब सरकला म्हणता, तर ज्या गटाचं यजमानपद एका संघाकडे आहे तिथे बाकी तिघांनी प्रवास करायचा, हॉटेलात राहायचं, परक्या मैदानावर खेळायचं, आणि यजमान आपल्या ओळखीच्या गवतावर. जागा दोन असताना हा फरक पचायचा. जागा एकच उरली की तो निर्णायक ठरतो.

टचलाइन

एक बाजू कोणीच मांडली नाही. युवा स्पर्धांसाठी खेळाडू सोडणं क्लबवर बंधनकारक नाही. सिनियर संघांसाठी फिफाच्या कॅलेंडरनुसार सोडावंच लागतं, तसं इथे नाही. मे महिना म्हणजे कित्येक देशांत लीगचा शेवट आणि शाळेच्या परीक्षाही. आता नोव्हेंबरात दरवर्षी विश्वचषक आला. प्रशिक्षकाला क्लबकडे एका वर्षात दोनदा हात पसरावा लागतो. युरो १४ दिवसांची असेल तर 'हो' मिळण्याची शक्यता १७ दिवसांपेक्षा जास्त. तीन दिवस कागदावर किरकोळ दिसतात, पण त्यात क्लबचा एक शनिवार-रविवार वाचू शकतो.

मधली फळी

दोन्ही बाजू ऐकल्या. १२ संघ का नकोत? तीन गट, प्रत्येकी चार. सात गटविजेते, विश्वचषकाला जाणारे चार उपविजेते आणि यजमान. बरोबर १२ होतात. ऑस्ट्रियाही बसतो.

लेफ्टबॅक

@मधली फळी, आकडा चपखल बसतो, पण तीन गटांची स्पर्धा ही या तिन्हींत सगळ्यात वाईट रचना आहे. युएफानं २१ वर्षांखालील युरोत ती दोनदा वापरली आणि दोन्ही वेळा तीच अडचण आली. तीन गटविजेते आणि एक सर्वोत्तम उपविजेता उपांत्य फेरीत जायचे. शेवटच्या गटाला बाकी दोन गटांचा हिशोब आधीच ठाऊक असतो, तिथे घोळ होतो.

२०१७, पोलंड. स्लोव्हाकियाचे ६ गुण, ६ गोल केले, ३ खाल्ले (६-३), गोलफरक अधिक ३. शेवटच्या गटात इटली जर्मनीविरुद्ध १-० पुढे. हाच निकाल राहिला तर इटली गटात पहिली, आणि जर्मनीचे ६ गुण, गोल ५-१, फरक अधिक ४, म्हणजे सर्वोत्तम उपविजेता. इटलीनं आणखी एक गोल केला असता तर जर्मनीचा फरक अधिक ३ झाला असता, केलेले गोल स्लोव्हाकियापेक्षा कमी, म्हणजे जर्मनी बाहेर. सामना १-० वरच संपला, दोघे पुढे गेले, स्लोव्हाकिया घरी. पुढे जर्मनीनंच चषक जिंकला.

२०१९, इटली. यजमान इटलीनं स्पेनला हरवलं, ६ गुण मिळवले. फ्रान्स आणि रोमानिया यांना माहीत होतं की बरोबरी झाली तर दोघे ७ गुणांनी पुढे जातात. ०-० झाला आणि इटली बाहेर. कोणी ठरवून खेळलं असा माझा आरोप नाही. पण रचनाच अशी असेल तर दोन्ही संघांनी धोका का पत्करावा? २०२१ पासून ती स्पर्धा १६ ची झाली, चार गट, प्रत्येकी पहिले दोन. गोंधळ मिटला. हीच रचना १७ वर्षांखालील गटाकडे आधीपासून होती आणि तीच काढून टाकली!

मधली फळी

तीनपैकी दोन तिसरे क्रमांक घेऊन उपांत्यपूर्व फेरी ठेवली तर?

लेफ्टबॅक

तरी शेवटच्या गटाला हिशोब आधी कळतोच. फक्त तो दुसऱ्या क्रमांकाऐवजी तिसऱ्यासाठी होतो.

पिवळं कार्ड

जानेवारीच्या मुलांचं काय? वयाची रेघ १ जानेवारीला आहे. २०२५ च्या स्पर्धेत १ जानेवारी २००८ किंवा त्यानंतर जन्मलेले चालत होते. जानेवारीतला आणि डिसेंबरातला मुलगा यांच्यात जवळपास वर्षाचं अंतर, आणि सोळा-सतराव्या वर्षी एका वर्षात उंची, वजन, वेग सगळंच बदलतं. एकच जागा आणि आठवड्यात तीन सामने असले की प्रशिक्षक आज तयार असलेलं शरीर निवडतो. डिसेंबरातला हुशार पण बारका मिडफिल्डर बाकावर. स्पर्धा जितकी अरुंद, तितकी ही निवड कठोर.

गोलकिक

@पिवळं कार्ड, मुद्दा खरा, पण त्याचा संघसंख्येशी संबंध जोडू नका. १६ संघ असतानाही निवड याच दिशेनं व्हायची. यावर उपाय निवडीतच करावा लागतो. बेल्जियमनं उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी 'फ्युचर्स' नावाचे वेगळे संघ चालवले. मुख्य संघात आत्ता न बसणारा मुलगा नजरेआड होऊ नये म्हणून. ते कुठल्याही महासंघाला आजही करता येतं, युएफाच्या परवानगीची गरज नाही.

टचलाइन

मग याच धर्तीवर एक सुचवतो. मुख्य स्पर्धा ८ चीच राहू दे. विश्वचषकाला जाणाऱ्या चार उपविजेत्यांनी त्याच आठवड्यात आपसांत चौरंगी स्पर्धा घ्यावी. सहा सामने, प्रत्येकाला तीन, एक दिवसाआड नव्हे तर मध्ये दोन दिवस विश्रांती देऊन. एक यजमान, दोन मैदानं पुरतात. क्लबकडे मागावे लागतील ते साधारण नऊ-दहा दिवस.

लेफ्टबॅक

होऊ शकतं, आणि काहीच नसण्यापेक्षा बरं. पण ते मैत्रीपूर्ण सामने ठरतील. टचलाइन, तुम्हीच वर म्हणालात की सोडणं बंधनकारक नाही. युएफाच्या अधिकृत स्पर्धेसाठी कुरकुरत मुलगा सोडणारा क्लब मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी सोडेल? निदान युएफानं त्याला अधिकृत दर्जा द्यावा आणि प्रवास-राहण्याचा खर्च उचलावा, मग विचार करता येईल. तोवर मी १६ वरच ठाम आहे.

गोलकिक

अधिकृत दर्जा आणि खर्च, या दोन अटींवर माझा या चौरंगीला पाठिंबा. १६ ला अजूनही नाही.