मदत हवी आहे: मोरचुदाच्या द्रावणात ॲल्युमिनियम ढिम्म का?

मु. पो. सोलापूर. धातूंपासून धन आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) कसे होतात, ते दहावीच्या मुलांना दाखवायचंय. १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार; बोर्डो मिश्रणासाठी डाळिंबवाले नेतात तेच) घेतलं. लोखंडी खिळ्यावर लगेच तांबं चढतं, ॲल्युमिनियम फॉइल तासाभरानेही कोरीच. अभिक्रियाशीलता श्रेणीत (जास्त क्रियाशील धातू वर, अशा क्रमवारीत) ॲल्युमिनियम लोखंडाच्या वर आहे ना? शिवाय बोअरच्या पाण्यात द्रावण गढूळ होतंय.

प्रतिसाद १
श्रेणी बरोबर आहे. फॉइलवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा घट्ट थर असतो. द्रावण धातूपर्यंत पोचतच नाही, मग इलेक्ट्रॉन घेणार कोण? त्याच द्रावणात १ ग्रॅम मीठ विरघळवा. क्लोराइड आयन तो थर जागोजागी फोडतात. थोड्याच वेळात फॉइलला भोकं पडतात, तांब्याचा लालसर-तपकिरी गाळ सुटतो, ग्लास हाताला गरम लागतो. बुडबुडे हायड्रोजनचे, म्हणून जवळ ज्योत नको आणि झाकण लावू नका.

निळा रंग पूर्ण उतरायला हवा असेल तर हिशोबाने ०.३६ ग्रॅम ॲल्युमिनियम पुरतं. काही हायड्रोजनमागे खर्ची पडतं, तेव्हा अर्धा ग्रॅम घ्या.

गढूळपणा बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे; तांब्याच्या कार्बोनेटचा अवक्षेप आहे तो. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरा.

प्रतिसाद २
एक विनंती. ‘धातूला इलेक्ट्रॉन नकोसा असतो, म्हणून तो सोडून देतो’ असं मुलांना कृपया सांगू नका. इलेक्ट्रॉन काढायला ऊर्जा लागतेच. ॲल्युमिनियमच्या पहिल्या तीन इलेक्ट्रॉनांना अनुक्रमे ५७८, १८१७ आणि २७४५ किलोज्यूल प्रति मोल. चौथा आतल्या कवचातला, त्याला एकदम ११,५७७! म्हणून आयन तीन धनप्रभारांवर थांबतो. आधीचा खर्च भरून निघतो तो मुख्यतः पाण्याचे रेणू त्या आयनाला घट्ट वेढतात तेव्हा सुटणाऱ्या ऊर्जेतून, आणि ते इलेक्ट्रॉन तांब्याच्या आयनाने घेतल्यामुळे. घेणारा नसेल तर देणं होत नाही. मिठाशिवायची फॉइल हेच दाखवते, ती फेकू नका, शेजारी ठेवा.

खिळ्याचं समीकरण लिहिताना फेरस सल्फेट (दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाचं) लिहा. तांब्याचा आयन लोखंडाचे दोनच इलेक्ट्रॉन घेऊ शकतो, तिसरा ओढण्याइतकं बळ त्याच्यात नाही.

प्रश्नकर्ता
मिठाने काम झालं, आभार! उरलेलं खिळ्याचं निळं पाणी मोरीत ओतलं तर चालेल?

प्रतिसाद १
नको, तांब्याचे आयन जलचरांना घातक असतात. त्यात स्टील वूल टाकून निळा रंग जाईपर्यंत ठेवा. तांबं गाळून घ्या, मग भरपूर पाण्याबरोबर सोडा.