कॅमेरा घेताना बटणं बघायची की सेन्सर?

खंड्या_पुणे
बरीच वर्षं निकॉन डी७२०० आणि २००-५०० मिमीची झूम लेन्स वापरतोय, पक्ष्यांच्या फोटोंसाठी. आता मिररलेस (आत आरसा नसलेला नव्या प्रकारचा कॅमेरा) घ्यायचाय. कागदावर कॅनन आर७ सरस आहे: ३२.५ मेगापिक्सेल, बॉडीतच स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर), मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १५ फ्रेम. म्हणून मित्राची आर७ आणि त्याचीच १००-५०० लेन्स घेऊन रविवारी भिगवणला गेलो. कुंभारगावातून बोट, नुकतं उजाडलेलं. फ्लेमिंगो पाण्यावर होते तोवर सगळं छान. थवा उडाला, मागे उजळ आकाश आलं, एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, डायल (फिरवायची चकती) वापरून दोन-तीन टिचक्या चढवायचं होतं. अंगठा आपोआप मागच्या वरच्या कोपऱ्यात गेला. तिथे डायलच नाही! आर७ चं मागचं डायल जॉयस्टिकभोवती आहे, व्ह्यूफाइंडरला खेटून. ते सापडेपर्यंत थवा वळला, म्हणून झूम करायला गेलो तर पक्षी जवळ यायच्या ऐवजी लांब पळाले. कॅननची झूम रिंग निकॉनच्या उलट फिरते. घरी आणले ते काळे ठिपके.

आता निकॉन झेड५० टू घ्यावासा वाटतोय. २०.९ मेगापिक्सेल, बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, तरीही. मूर्खपणा आहे का?

लेन्सवाला
आहे. एका सकाळवरून पुढच्या दहा वर्षांचा कॅमेरा ठरवताय. डायलची दिशा मेनूतून उलटी करता येते, बटणांना हवी ती कामं देता येतात. पंधरा दिवस रोज गॅलरीतल्या कबुतरांवर सराव करा, हात बसेल. आमचे काका उजव्या गिअरच्या जुन्या बुलेटवरून डाव्या गिअरच्या बाईकवर आलेच ना?

खंड्या_पुणे
झूम रिंगची दिशा कोणत्या मेनूत उलटी होते ते सांगा, लगेच करतो.

माळढोक
@लेन्सवाला, काकांचंच उदाहरण पुढे नेतो. माझे वडीलही तसेच आले. सहा महिने झकास चालवली. मग एकदा कुत्रं आडवं आलं आणि त्यांनी ब्रेक म्हणून डाव्या पायाने गिअर दाबला. सवय होते हो, पण घाईत जुनीच बाहेर येते. आणि पक्ष्यांच्या फोटोत घाई सोडून असतं काय?

तिसरा_डोळा
तुम्ही दोघं डायल कुठे यावर भांडताय. मला विचाराल तर डायलवर काय लिहिलंय ते महत्त्वाचं. फुजी एक्स-टी५ बघा: शटर, आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ते), एक्स्पोजर सगळं वर छापलेलं. कॅमेरा बंद असतानाही सेटिंग कळतं. निकॉन एफएम२ या जुन्या फिल्म कॅमेऱ्यावर शिकलेल्यांना हे घरी आल्यासारखं वाटतं.

माळढोक
आणि त्या एक्स-टी५ चं आयएसओ डायल डावीकडे आहे. माझा डावा हात दोन किलोच्या लेन्सखाली असतो. काढला तर लेन्स पाण्यात.

तिसरा_डोळा
आयएसओ डायल ‘सी’वर ठेवा, मग आयएसओ पुढच्या कमांड डायलवर येतो. उजवी तर्जनी पुरते.

माळढोक
म्हणजे छापलेलं डायल बाजूला ठेवून साध्या कॅमेऱ्यासारखंच वापरायचं! मग ते डायल कशाला? शिवाय आर७ मध्ये सेटिंगचे संच आधीच जपून ठेवता येतात: बसलेल्या पक्ष्यासाठी सी१, उडत्यासाठी सी२. एका झटक्यात शटर स्पीडसकट सगळं बदलतं. छापलेल्या डायलवर काटा २५० वर असेल तर तो स्वतःहून २००० वर कसा जाणार?

तिसरा_डोळा
हे मान्य. पक्ष्यांसाठी नाही. रस्त्यावरच्या फोटोंसाठी मात्र मी फुजी सोडणार नाही.

डावखुरी
गंमत वाटतेय वाचताना. डावखुऱ्यांना कोणता ब्रँड घ्यायचा हा प्रश्नच नाही, शटर सगळ्यांचंच उजवीकडे. १९३६ च्या किने एक्झाक्टा या फिल्म कॅमेऱ्याचं शटर बटण आणि फिल्म पुढे सरकवायचा खटका दोन्ही डावीकडे होते, तो खरा आमचा कॅमेरा. आम्ही उजव्या हाताने शिकलोच की. पण खंड्यादादा, तरीही मी तुमच्या बाजूने. माझे हात लहान आहेत. अंगठा डायलपर्यंत ताणायला लागला की पकड सुटते आणि फ्रेम हलते. ते सरावाने जात नाही, हाडं वाढत नाहीत.

लेन्सवाला
ताई, हाताच्या मापाचा मुद्दा पटला. पण खंड्याचा हात लहान नाही, त्याची फक्त सवय मोडलीय. त्यासाठी साडेअकरा मेगापिक्सेल सोडणं मला जमणार नाही. लांबच्या पक्ष्याला क्रॉप करताना (कडा कापून मोठा करताना) आठवण येईल.

खंड्या_पुणे
क्रॉपचं खरंय, तेच टोचतंय. पण माझी २००-५०० अॅडॅप्टरवर झेडला लागते, स्टॅबिलायझेशन त्या लेन्समध्येच आहे, आणि रिंगही तशीच फिरणार. या रविवारी झेड५० टू भाड्याने घेऊन त्याच बोटीत बसतो.

लेन्सवाला
मी माझी आर७ घेऊन येतो. बोटीत जागा आहे का? नावाड्याला सांगा, उन्हाच्या बाजूने नको न्यायला.