गादीवाफे नकोत, खोलगट वाफे करा

सोसायटीच्या सामायिक बागेत उन्हाळी भाजीसाठी गादीवाफे, म्हणजे जमिनीपेक्षा उंच केलेले वाफे, करू का, असं कुणीतरी विचारलंय. सोलापूरच्या उन्हात नकोच! चारी बाजूंनी वारा लागून ते लवकर सुकतात. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या कोरड्या मुलखातले झुनी आदिवासी मातीचे बुटके बांध घालून चौकोनी खोलगट वाफे करत आले आहेत. पाणी मुळाशीच राहतं. आम्हीही तसेच केले. मधोमध साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं, त्यात पाणी भरलं, म्हणजे ते हळूहळू मुळांशी झिरपतं; तोंडावर करवंटी, भोवती उसाचं पाचट. मे महिन्यात भर दुपारी पाचट सारलं, तर खालची माती बोटांना गार लागली. गवार, चवळी छान तगली. टोमॅटोचा हट्ट मात्र तेव्हा धरू नका, ३५ अंशांपुढे फुलं गळायला लागतात. आणि सप्टेंबरच्या पावसाआधी बांध फोडा हं, काळ्या मातीत पाणी तुंबतं.