अंडाशय काढल्यानंतर टेस्टोस्टेरॉन जेल: ५० मिलीग्रॅमच्या पाकिटातून ५ मिलीग्रॅम कसे मोजायचे?

शेवग्याची शेंग

पेशंट ४४ वर्षांची. फायब्रॉइडसाठी गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय काढून १४ महिने झालेत. एस्ट्रॅडिऑल व्हॅलरेट (इस्ट्रोजेन) २ मिलीग्रॅमची गोळी रोज चालू आहे. गरम वाफा थांबल्या, झोपही लागते. कामेच्छा मात्र ऑपरेशननंतर गेली ती परत आलीच नाही. हा त्रास तिचा स्वतःचा आहे, नवऱ्याने पाठवलं म्हणून ती आलेली नाही. थायरॉईड, प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन ठीक. डिप्रेशनची कुठलीही गोळी नाही. कोरडेपणा होता, तो एस्ट्रिऑल क्रीमने गेला, आता संबंधाच्या वेळी दुखत नाही.

टोटल टेस्टोस्टेरॉन, सीएलआयए (लॅबच्या नेहमीच्या यंत्रावरच्या) पद्धतीने, १२ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. रिपोर्टवर "लो" छापून आलंय. त्यावरून तिला एके ठिकाणी महिन्याला एक इंजेक्शन सुचवलं गेलं, ते मी थांबवलंय. माझा कल जेलकडे आहे, पण मिळणारं जेल पुरुषांच्या मापाचं: १ टक्का, ५ ग्रॅमचं पाकीट. यातून बाईचा डोस रोज घरच्या घरी नेमका कसा काढायचा? आणि पुढे रक्त कधी तपासायचं, थांबायचं कधी?

---

तिरफळ

इंजेक्शन थांबवलंत ते उत्तम. साधा हिशेब करा. बाईच्या शरीरात दिवसाला ०.१ ते ०.४ मिलीग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार होतं. पुरुषांसाठीच्या २५० मिलीग्रॅमच्या मिश्र एस्टर (हळूहळू सुटणाऱ्या) इंजेक्शनात शुद्ध टेस्टोस्टेरॉन १७६ मिलीग्रॅम असतं. दिवसाला ०.३ धरलं तरी एका सुईत दीड वर्षाहून जास्त दिवसांचा शिधा झाला, आणि तो महिन्याभरात उतरवायचा! त्वचेखाली बसवायच्या पेलेटचा दोष वेगळा. पातळी बाईच्या मर्यादेपलीकडे जाते आणि एकदा बसवलेली पेलेट सहज काढता येत नाही, काही महिने वाट बघत बसायचं. तोंडाने घ्यायच्या कॅप्सूलने एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) खाली येतं. २०१९च्या जागतिक सहमतीपत्रात म्हणूनच त्वचेवरून, बाईच्या शरीराला साजेशा डोसमध्ये एवढाच मार्ग ठेवलाय.

आता रिपोर्टबद्दल. ते १२ आहे म्हणून उपचार करायचा नाही, आणि ३० असते म्हणून नाकारायचाही नाही. कुठल्याही एका आकड्याखाली इच्छा कमी होते असं कुठल्याच अभ्यासात दिसलेलं नाही. निदान बोलण्यातून होतं: इच्छा कमी झाली, सहा महिने तरी टिकली, आणि त्याचा बाईला त्रास होतो. तुमच्या पेशंटमध्ये तिन्ही आहे. रक्त तपासायचं ते सुरुवातीलाच पातळी जास्त नाही ना हे बघायला, आणि पुढे डोस जास्त होत नाही ना हे कळायला.

जेलच्या आधी एक काम मात्र करा. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि एसएचबीजी वाढवतं. हे प्रथिन टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं, त्यामुळे जे थोडंफार शिल्लक आहे तेही पेशींच्या कामी येत नाही. एसएचबीजी करून घ्या. फ्री अँड्रोजेन इंडेक्स, म्हणजे मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचा अंदाज, काढायचा तर टोटल टेस्टोस्टेरॉन नॅनोमोलमध्ये आणा (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरला २८.८४ ने भागा), १०० ने गुणा, एसएचबीजीने भागा. तुमचे १२ म्हणजे ०.४२ नॅनोमोल. एसएचबीजी समजा ११० आलं तर इंडेक्स ०.४ च्याही खाली. अशा वेळी गोळी बंद करून ०.०६ टक्क्यांचं एस्ट्रॅडिऑल जेल २.५ ग्रॅम, म्हणजे १.५ मिलीग्रॅम एस्ट्रॅडिऑल, रोज सुरू करा. वाफा परत आल्या तर वाढवा, या वयात बऱ्याच जणींना जास्त लागतं. गर्भाशय नाही, त्यामुळे एंडोमेट्रिओसिसचा इतिहास नसेल तर प्रोजेस्टेरॉनची गरज नाही. दोन-तीन महिने थांबा. काहींना एवढंच पुरतं.

आणि वय ४४ आहे, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन लागो न लागो, इस्ट्रोजेन नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत तरी चालू राहायला हवं. हाडं आणि हृदय, दोन्हींसाठी. आपल्याकडे साध्या तक्रारीसाठी अंडाशयं काढून टाकतात आणि बाईला घरी पाठवताना इस्ट्रोजेनचं नावही काढत नाहीत, हे रोजचं आहे. टेस्टोस्टेरॉनवर वाद घालण्याआधी ते सुधारायला हवं.

---

औषधी कट्टा

मोजण्याचा भाग माझ्याकडे.

१ टक्का म्हणजे १ ग्रॅम जेलमध्ये १० मिलीग्रॅम. ५ ग्रॅमच्या पाकिटात ५० मिलीग्रॅम, हा पुरुषाचा एका दिवसाचा डोस. बाईला त्याचा दहावा भाग: ५ मिलीग्रॅम, म्हणजे अर्धा ग्रॅम जेल. त्वचेतून साधारण दहावा हिस्साच आत जातो, म्हणून ५ लावले की अर्ध्या मिलीग्रॅमच्या आसपास रक्तात पोहोचतं. ऑस्ट्रेलियात बायकांसाठीच बनवलेलं १ टक्क्याचं क्रीम २०२० पासून अधिकृतपणे मिळतं, त्याचाही सुरुवातीचा डोस अर्धा मिली, ५ मिलीग्रॅम.

"वाटाण्याएवढं जेल लावा" असं कृपया कुणी सांगू नका. एकीचा वाटाणा दुसरीचा हरभरा असतो. विना सुईची १ मिलीची ट्युबरक्युलिन सिरिंज घ्या, तिच्यावर ०.०१ मिलीच्या खुणा असतात. पाकिटाचा एक कोपरा बारीक कापायचा, सिरिंजचं टोक आत घालून दांडा हळू ओढायचा. घाईने ओढला तर हवा येते आणि अर्धा मिली दिसत असलं तरी जेल कमी असतं. टोक वर करून टिचकी मारा, हवा काढा, पुन्हा ०.५ पर्यंत भरा. मग कापलेला कोपरा दोनदा दुमडून कागदाची क्लिप लावा आणि पाकीट झाकण घट्ट बसणाऱ्या छोट्या डबीत ठेवा. उघडं राहिलं तर अल्कोहोल उडतं, जेल घट्ट होतं आणि मग अर्ध्या मिलीत औषध जास्त येतं. डबीवर उघडल्याची तारीख लिहा. जेल पाण्यापेक्षा हलकं असल्याने अर्धा मिली भरतं अर्ध्या ग्रॅमपेक्षा जरा कमीच, त्यामुळे दहाव्या दिवशी थोडं उरेल. ते टाकून नवीन पाकीट घ्या.

लावायची जागा मांडीची बाहेरची बाजू किंवा पोटाचा खालचा भाग. डावी-उजवी बदलत राहा, नाहीतर त्याच चकतीत केस दाट होतात. स्तनांवर आणि गुप्तांगावर नाही. आंघोळीनंतर, कोरड्या त्वचेवर, तळहाताएवढ्या जागेत पसरून पूर्ण वाळू द्यायचं, मग हात साबणाने धुवायचे. पुढचे दोनेक तास ती जागा भिजवायची नाही. वाळेपर्यंत गॅसजवळ जायचं नाही, जेल पेट घेतं. सकाळी आंघोळ करून थेट चहा ठेवायला जाणाऱ्या बाईला हे मुद्दाम सांगावं लागतं.

चिठ्ठीवर "लोकल ॲप्लिकेशन, रोज एकदा" एवढंच लिहू नका. मेडिकलवाला अख्खं पाकीट लावायला सांगेल, म्हणजे एका दिवसात दहा दिवसांचं. "०.५ मिली = ५ मिलीग्रॅम, एक पाकीट १० दिवस" असं लिहा. शिवाय आतल्या कागदावर बायकांनी वापरू नये असं छापलेलं असतं. आपल्याकडे बायकांसाठी वेगळं टेस्टोस्टेरॉन नाही, हा मान्यतेबाहेरचा वापर आहे, हे आधीच समजावून लेखी संमती घ्या. नाहीतर कागद वाचून ती घाबरेल आणि औषध कपाटात पडून राहील.

---

परीक्षानळी

तो १२ चा आकडा फार मनावर घेऊ नका. सीएलआयए यंत्रं पुरुषांच्या ३०० ते १००० च्या पट्ट्यात छान चालतात, पण बायकांच्या १५ ते ७० मध्ये, त्यातही खालच्या टोकाला, डगमगतात. शक्य असेल तर टोटल टेस्टोस्टेरॉन एलसी-एमएस/एमएस (रेणूच्या वजनावरून मोजणाऱ्या, जास्त अचूक) पद्धतीने करा. मोठ्या साखळी लॅब नमुना पुढे पाठवून करून देतात. नाही जमलं तर निदान आधीची आणि नंतरची तपासणी एकाच लॅबमध्ये, एकाच यंत्रावर करा. "फ्री टेस्टोस्टेरॉन" नावाच्या थेट किटवर पैसे घालवू नका, वर दिलेला इंडेक्स त्याहून बरा.

एककं बघा. काही रिपोर्ट नॅनोग्रॅम प्रति मिली देतात: ०.३५ म्हणजे तुमचे ३५. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून "शंभरपट घसरलं" अशी ओरड होते ती यामुळेच.

केस गळतात म्हणून बायोटिन चालू असेल तर तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद करा. बऱ्याच किटमध्ये त्याने टेस्टोस्टेरॉन खोटं वाढलेलं दिसतं. जेल सुरू झाल्यावर त्या दिवशीचा डोस रक्त दिल्यानंतर लावायचा. हातावर लावणाऱ्या पेशंटचं रक्त त्याच हातातून घेतलं की सुई त्वचेवरचं जेल सोबत घेऊन जाते आणि ४०० वगैरे आकडे येतात. असा आकडा आला तर डोस कमी करण्याआधी दुसऱ्या हातातून पुन्हा काढा.

---

ओवा

वेळापत्रक असं. सुरुवातीला टोटल टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी, लिपिड, यकृताच्या तपासण्या. जेल सुरू केल्यावर ३ ते ६ आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉन पुन्हा, पुढे दर सहा महिन्यांनी. ध्येय लॅबने दिलेल्या पाळी चालू असलेल्या बायकांच्या मर्यादेत राहण्याचं. त्यावर गेलं तर डोस कमी करा, मग तिला कितीही बरं वाटत असो. फरक सहा-आठ आठवड्यांनी जाणवायला लागतो. सहा महिन्यांत काहीच फरक नाही तर बंद, डोस वाढवत बसायचं नाही.

अपेक्षाही आधीच सांगा. २०१९च्या ३६ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात समाधानकारक संबंध महिन्याला सरासरी एकाने वाढले. इच्छा वाढली, त्रास कमी झाला, पण चमत्कार नाही. थकवा, स्मरणशक्ती, स्नायू, "उत्साह" यांसाठी देण्याइतका पुरावा नाही. जाहिराती नेमकं तेच विकतात.

पुरळ आणि हनुवटीवरचे केस डोस कमी केल्यावर बहुधा आटोक्यात येतात. आवाज जाड झाला किंवा क्लिटोरिस वाढलं तर ते परत फिरेलच असं नाही. योग्य डोसमध्ये हे विरळ आहे, तरी गायिका, कीर्तनकार, शिक्षिका यांना आधी विचारा. वरच्या पट्टीत आवाज अडकू लागला की त्याच दिवशी जेल बंद. स्तनाचा कॅन्सर झालेल्या बाईला देऊ नका. दोन वर्षांपलीकडची सुरक्षिततेची माहिती तोकडी आहे, तेही सांगा. खेळाडू असेल तर हे वर्षभर बंदीच्या यादीत आहे, मास्टर्स गटातल्या धावपटूंच्या हे लक्षात नसतं. तुमच्या पेशंटला गर्भाशय नाही, पण इतर कुणाला देताना गर्भनिरोधनाचं बघितल्याशिवाय देऊ नका, मुलीच्या गर्भावर पुरुषी परिणाम होतात.

तिरफळ सरांशी एका बाबतीत मतभेद. गोळी बदलून तीन महिने थांबणं शास्त्रशुद्ध आहे, पण एसएचबीजी आधीच साधारण असेल तर थांबण्यात काय हशील? तेव्हा थेट सुरू करावं.

---

तिरफळ

मान्य. एसएचबीजी साधारण असेल तर थांबू नका. मात्र दोन्ही जेल एकाच दिवशी सुरू करू नका, वाफा परत आल्या तर कशामुळे ते कळणार नाही.

---

शेवग्याची शेंग

सगळ्यांचे आभार. एसएचबीजी आज पाठवलं, तेव्हाच लिपिडही. दोन शंका. आमच्याकडे ट्युबरक्युलिन सिरिंज सहज मिळत नाही, इन्सुलिनची चालेल का? आणि घरात दोन वर्षांची नात आहे, रात्री आजीच्याच कुशीत झोपते.

---

औषधी कट्टा

डॉक्टर, इन्सुलिन सिरिंजला बहुतेक वेळा सुई चिकटलेलीच असते, त्यामुळे जेल ओढताच येत नाही. सुई वेगळी होणारी मिळाली तर टोपीचा रंग बघा. लाल टोपी यू-४० (१ मिलीत ४० युनिट): अर्धा मिली म्हणजे २० ची खूण. केशरी टोपी यू-१००: अर्धा मिली म्हणजे ५० ची खूण. तुम्ही "२० पर्यंत" सांगितलं आणि घरात केशरी टोपीची आली तर तिला २ मिलीग्रॅमच मिळणार, आणि सहा महिन्यांनी आपण म्हणणार औषध लागू पडत नाही. त्यापेक्षा लहान मुलांच्या औषधासोबत येणारी १ मिलीची तोंडाने द्यायची सिरिंज मागवा. खुणा मिलीतच असतात.

नातीचं गंभीरपणे घ्या. जेल लावलेल्या त्वचेला लहान मुलं टेकल्याने त्यांच्यात जननेंद्रिय वाढणं, अवेळी केस येणं असे प्रकार झाल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये या जेलांवर काळ्या चौकटीतला इशारा टाकायला लावला. रात्री लावायचंच नाही. सकाळी, मांडीवर, वाळल्यावर वरून परकर किंवा सलवार. झोपण्याआधी ती जागा साबणाने धुवायची. उघडलेल्या पाकिटाची डबी कडीच्या कपाटात, वरच्या फळीवर.