निर्गुडी, उंदराचा पंजा आणि गुळवेल

माळरान: 'निर्गुडी डायक्लोफेनॅक या पेनकिलरच्या तोडीची, प्रयोगाने सिद्ध' ही पोस्ट कालपासून चौथ्यांदा आली, म्हणून लिहितोय. फार्मसीला असताना हा प्रयोग मी हाताने केलाय. उंदराला आधी अर्क पाजायचा, मग मागच्या पंजात सूज आणणारं कॅराजीनन टोचायचं, पंजा टम्म सुजतो, तो नळीतल्या पाण्यात बुडवून तासातासाला सूज मोजायची. 1962 पासून हेच चाललंय. चार-पाच तासांची ती सूज आणि माझ्या आईचा बारा वर्षं दुखणारा गुडघा एकच का? आणि डोस? किलोमागे 500 मिलिग्रॅम. माणसाच्या हिशोबात बसवला (किलोमागचा डोस साधारण सहाने भागून) तर 60 किलोच्या बाईला जवळपास 5 ग्रॅम सुका अर्क, पाला नव्हे, अर्क!

शेकशेगडी: पण अर्क पितं कोण? आमच्या आजीने पाला तव्यावर गरम करून, एरंडेल लावून, फडक्याने बांधला, आठ दिवसांत जिना चढायला लागली. तुम्ही तपासलंत भलतंच आणि नावं आमच्या निर्गुडीला ठेवताय.

माळरान: नावं निर्गुडीला नाही, पोस्टीला ठेवली. नीट वाचा.

काठावरची: गोळ्यांचं पण बोला ना. बाबांनी पाच वर्षं पेनकिलर खाल्ल्या, आता क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे किडनी नीट चालत नाही. गुराढोरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने त्यांची मढी खाणारी गिधाडं संपवली, 2006 ला जनावरांसाठी बंदी आणावी लागली. ते तपासलेलंच औषध होतं ना?

पित्तप्रकृती: म्हणून झाडपाला निर्धोक ठरत नाही. कोविडात मावशी रोज गुळवेलीचा काढा प्यायची, तिसऱ्या महिन्यात कावीळ, डोळे हळदीसारखे. 2021 ला मुंबईच्या डॉक्टरांनी असेच 6 पेशंट छापले होते.

शेकशेगडी: ती गुळवेलच होती कशावरून? आयुष मंत्रालयानेही हाच प्रश्न विचारला होता. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीचा वेल बाजारात सर्रास खपतो.

पित्तप्रकृती: पुढच्या वर्षी 13 केंद्रांतले असेच 43 पेशंट छापून आले, त्याचं काय? आणि मावशीचा वेल बाजारातला नव्हता, मी स्वतः कडुनिंबावर चढवलेला, हृदयासारखं पान, ओळखतो मी.

शेकशेगडी: एका मावशीवरून अख्खा आयुर्वेद मोडीत काढणार?

पित्तप्रकृती: तुमची एक आजी चालते, माझी एक मावशी नाही? पंधरा दिवस दवाखान्यात उशाशी मी बसलोय, तुम्ही नाही.

शेकशेगडी: ...ठीक. रोज तीन-तीन महिने काढा पिऊ नये हे मान्य. पण शेकाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

माळरान: मग शेकच तपासा की, माणसांवर. निम्म्यांना निर्गुडी, निम्म्यांना पळसाचा पाला, तितकाच गरम, तेच एरंडेल, दोन महिने. उबेनेच बरं वाटत असेल तर तेही कळेल.

काठावरची: निर्गुडीचा वास केवढा उग्र असतो, बांधल्या बांधल्या पेशंटला कळणार कुठला पाला ते.

माळरान: खरंय, हे माझ्या लक्षात नव्हतं आलं. मग निदान पाला बांधणारा वेगळा आणि गुडघा तपासणारा वेगळा ठेवा, त्याने यायचं ते पाय धुऊन झाल्यावर.

शेकशेगडी: एवढं केलंत तर निकाल काहीही येवो, मी मानेन. पाला आमच्या बांधावरचा न्या.